तेलाचा पैसा : पावती आणि स्थळप्रत

सार्वजनिक कामाचा ज्यांना थोडाफार अनुभव आहे, त्यांना पावतीपुस्तकाची महती सांगावयास नको. वर्गणी देणाऱ्याच्या हाती पावती जाते आणि पुस्तकात तिची स्थळप्रत राहते. उत्सव संपल्यावर कोणाला शंका आलीच, तर पावती आणि स्थळप्रत शेजारी ठेवून पाहता येतात. आकडा जुळला तर शंका मिटते. न जुळला तर पाणी कोठे मुरते ते कळते. खजिनदार प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्न मग कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. हा व्यवहार इतका साधा आहे की त्यात काही तत्त्व आहे असे आपल्याला वाटतही नाही. परंतु जगातील सर्वांत मोठ्या धंद्यांपैकी एक जो तेलाचा धंदा, त्यात हे साधे तत्त्व विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी पाळले जात नव्हते. ते न पाळल्यामुळे काही देशांत तेलाचा पैसा शाळा-दवाखान्यांकडे न जाता तोफा-बंदुकांकडे कसा वळला, आणि तो वळत असताना कोणाला पत्ता कसा लागला नाही, हे समजावून सांगण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

विषय मोठा आहे. म्हणून आम्ही दोनच देश उदाहरणासाठी घेतले आहेत. एक आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अंगोला आणि दुसरा नाईल नदीच्या खोऱ्यातील सुदान. पहिल्या देशात हा प्रश्न प्रथम जगाच्या चव्हाट्यावर आला. दुसऱ्या देशाच्या तेलात तर आपल्या भारताच्या एका सरकारी कंपनीचाच भाग होता. त्यामुळे तो प्रश्न परक्यांचा म्हणून आपल्याला बाजूला सारता येत नाही.

तेल आणि लढाई

तेल असले की लढाई होते, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. नॉर्वेजवळ तेल आहे आणि तेथे शांतता आहे. तेल नसलेल्या देशांतही यादवी युद्धे झालीच आहेत. तेव्हा दोष तेलाचा नाही. मग फरक कशात आहे?

सरकार म्हटले की त्याला पैसा लागतो, आणि तो सामान्यतः लोकांकडूनच मिळवावा लागतो. शेतकऱ्याने पेरले नाही तर शेतसारा येत नाही, बाजार भरला नाही तर जकात येत नाही. म्हणून कितीही जुलमी राजा असला तरी रयत जगली पाहिजे, एवढे तरी त्याला पाहावेच लागते. दहा वर्षे देश जळत राहिला तर राजाची तिजोरीही रिकामी होते, आणि लढाई आपोआप थांबते.

तेलाच्या पैशाला हा नियम लागू नाही. तेलाची विहीर समुद्रात असेल तर किनाऱ्यावरची सारी गावे ओस पडली तरी तिचा उपसा चालूच राहतो. तेथे पैसा देणारे लाखो करदाते नसतात. पाच-दहा परदेशी कंपन्या असतात. घेणारे हातही मोजकेच असतात. परदेशातील बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम गेली की व्यवहार पुरा झाला. अशा सरकारला रयतेची गरज उरत नाही, आणि रयतेला मात्र आपल्या नावावर किती पैसा आला हे कळण्याचे साधन उरत नाही.

हा पैसा मुख्यतः चार वाटांनी येतो. पहिली वाट स्वामित्वधनाची, म्हणजे रॉयल्टीची : काढलेल्या प्रत्येक पिंपामागे सरकारला ठरावीक हिस्सा. दुसरी वाट कंपनीच्या नफ्यावरील कराची. तिसरी वाट उत्पादनातील वाटणीची : खर्च वजा जाता उरलेले तेल कंपनी आणि सरकार यांनी ठरल्या प्रमाणात वाटून घ्यावयाचे, आणि सरकारने आपला वाटा बाजारात विकावयाचा. चौथी वाट नजराण्याची. एखाद्या क्षेत्रात तेल शोधण्याचा हक्क मिळाला की करारावर सही करतानाच कंपनी सरकारला एकरकमी पैसा देते. तेथे तेल निघो वा न निघो, ही रक्कम परत मिळत नाही. जुन्या काळी गादीवर बसताना जसा नजराणा भरावा लागे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून आम्ही त्याला ‘सहीचा नजराणा’ असे म्हणतो. पुढील हकिकतीत हा नजराणा महत्त्वाचा आहे.

अंगोलाची कथा

अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ रोजी पोर्तुगालच्या अमलातून मुक्त झाला, आणि स्वातंत्र्याबरोबरच तेथे यादवी सुरू झाली. राजधानी लुआंडा एम.पी.एल.ए. या पक्षाच्या हाती राहिली. तिच्याविरुद्ध जोनास साविंबी यांची युनिटा ही संघटना रानातून लढत राहिली. एका बाजूला क्यूबाचे सैन्य आणि सोव्हिएत शस्त्रे, दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका, असा तो सामना होता. त्यातील एक विसंगती मोठी बोलकी आहे. काबिंडा येथील तेलक्षेत्र अमेरिकेतील गल्फ कंपनी चालवीत होती. तिचा पैसा लुआंडाच्या सरकारला मिळत होता, आणि त्या अमेरिकन कंपनीच्या विहिरींवर पहारा होता तो क्यूबाच्या सैनिकांचा! तत्त्वज्ञाने परस्परांविरुद्ध उभी होती. हिशेबाच्या वहीत मात्र ती शेजारी शेजारी बसली होती.

पुढे शीतयुद्ध संपले, परके सैनिक परत गेले, तरी लढाई संपली नाही. १९९१ मध्ये तह झाला आणि १९९२ च्या निवडणुकीनंतर मोडला. १९९४ मध्ये लुसाका येथे पुन्हा तह झाला. १९९८ च्या अखेरीस तोही मोडला. बाहेरचे पोशिंदे गेल्यावर दोन्ही बाजू लढत होत्या कशाच्या जोरावर? युनिटाच्या ताब्यात हिऱ्यांच्या खाणी होत्या आणि सरकारच्या ताब्यात तेल होते. हिरे आणि तेल यांच्या जोरावर ती लढाई पोसली गेली.

हिऱ्यांच्या बाबतीत जग लवकर जागे झाले. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने युनिटाच्या हिऱ्यांवर बंदी घातली. त्यातूनच पुढे किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत निघाली. २००३ पासून ती अमलात आहे आणि मुंबई-सुरतेच्या हिरेव्यापाऱ्यांनाही ती चांगली परिचित आहे. परंतु तेलाचे काय? तेल विकणारे मान्यताप्राप्त सरकार होते. आपल्या देशाचे तेल विकण्याचा आणि बंडखोरांशी लढण्याचाही त्याला हक्क होता. त्यावर बंदी घालणे न्यायाचे नव्हते आणि शक्यही नव्हते. म्हणून येथे प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागला. ‘तेल विकू नका’ असे म्हणावयाचे नाही. ‘तेलाचा पैसा ज्यांचा आहे, त्यांना त्याचा हिशेब द्या’ एवढेच म्हणावयाचे.

तो हिशेब कसा होता ते पाहा. सरकारच्या उत्पन्नाच्या दहा भागांपैकी आठ-नऊ भाग तेलातून येत. तरीही सोनांगोल ही सरकारी तेल कंपनी, देशाची मध्यवर्ती बँक आणि अर्थखाते या तिघांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. भरीला दुसरी एक पद्धत होती. भविष्यात निघणारे तेल गहाण ठेवून परदेशी बँकांकडून कर्ज काढावयाचे. तेलाची किंमत गिऱ्हाईकाने परस्पर सावकाराच्या खात्यात भरावयाची. पीक उभे असतानाच ते सावकाराच्या नावे लिहून देणारा शेतकरी आपल्याला माहीत आहे. तो निदान आपले पीक लिहून देतो. येथे सबंध राष्ट्राचे पीक लिहून दिले जात होते, आणि तो पैसा राष्ट्राच्या खजिन्यात उतरतच नव्हता.

१९९९ मध्ये खोल समुद्रातील तीन नव्या क्षेत्रांचे वाटप झाले. त्यांच्या सहीच्या नजराण्याची एकूण रक्कम ९० कोटी डॉलरच्या घरात गेली. देश तेव्हा ऐन लढाईत होता, आणि हा पैसा युद्धकार्यासाठी असल्याचे तेथील परराष्ट्रमंत्र्यांच्या तोंडचे उद्गार त्या काळी प्रसिद्ध झाले. त्याच वेळी त्या देशातील स्थिती अशी होती की जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी निदान एक मूल पाचवे वर्ष पुरे होण्याआधी दगावत असे.

एका पत्राने काय घडले

डिसेंबर १९९९ मध्ये ग्लोबल विटनेस या लंडनच्या एका लहानशा संस्थेने अंगोलाच्या तेलाबद्दल एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात केवळ सरकारवर टीका करून ती थांबली नाही; तिने बोट दाखविले ते पैसा देणाऱ्यांकडे. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते : घेणारा सांगत नाही हे खरे, पण देणाराही सांगत नाही. आणि देणारा लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथे बसलेला आहे. त्याचे भाग तेथील बाजारात विकले जातात, त्याचे जमाखर्च तेथे तपासले जातात. त्याने जर ‘आम्ही अमुक साली अमुक सरकारला अमुक रक्कम दिली’ एवढे एक वाक्य छापले, तर अंगोलाच्या नागरिकाच्या हाती पावती येईल. मग स्थळप्रत त्याला आपल्या सरकारकडे मागता येईल.

मागणी रास्त होती, आणि ब्रिटिश पेट्रोलियम म्हणजे बी.पी. कंपनीला ती पटली. २००१ च्या फेब्रुवारीत अंगोलात आपण सरकारला काय काय देतो ते प्रसिद्ध करण्याची तयारी तिने दर्शविली. एका क्षेत्रासाठी तिने भरलेला सुमारे ११ कोटी १० लाख डॉलरचा सहीचा नजराणा तिच्या ब्रिटनमधील नोंदींतून उघडही झाला. यावर सोनांगोलचे प्रमुख मान्युएल व्हिसेंती यांनी बी.पी. ला कडक शब्दांत पत्र लिहिले. करारातील गुप्ततेच्या कलमाचा हा भंग असून त्याबद्दल करार रद्द होऊ शकतो, अशी समज त्यात होती. पत्राच्या प्रती इतर तेल कंपन्यांनाही गेल्या. त्या कंपन्यांनी घ्यावयाचा तो बोध घेतला, आणि बी.पी. च्या मागोमाग जाण्याचे धाडस कोणी केले नाही.

आमच्या मते ह्या सर्व विषयाचे मर्म या एका पत्रात आहे. त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की आकडे देणे अशक्य नव्हते. ते तयारच होते, कंपनीच्या वहीत नीट लिहिलेले होते. ज्या गोष्टीसाठी एवढी धमकी द्यावी लागते, ती निरुपयोगी असूच शकत नाही. दुसरी गोष्ट ही की एकट्या सज्जनाने येथे भागत नाही. जो एकटा उघड बोलेल त्याचे क्षेत्र काढून गप्प बसणाऱ्याला दिले जाईल. आळीतील एकाच दुकानदाराने खरे माप ठेवले आणि बाकीच्यांनी खोटे ठेवले, तर खऱ्या मापवाल्याचे दुकान बसते. म्हणून तर वजनमापांचा कायदा सर्वांना सारखा लागू करावा लागतो. तेलाच्या हिशेबालाही तसाच, सर्वांना एकदम बांधणारा नियम पाहिजे, हे त्या पत्राने जगाला शिकविले.

साविंबी २२ फेब्रुवारी २००२ रोजी मारले गेले आणि एप्रिलमध्ये युद्ध थांबले. सत्तावीस वर्षांच्या त्या लढाईत सुमारे पाच लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. पुढे २००४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला. १९९७ ते २००२ या सहा वर्षांत अंगोलाच्या खजिन्यातील ४२२ कोटी डॉलरचा पत्ता लागत नव्हता. त्याच सहा वर्षांत सरकारने आणि परदेशी मदत संस्थांनी मिळून लोकांच्या आरोग्यावर, शिक्षणावर व अन्नवस्त्रावर केलेला एकूण खर्च ४२७ कोटी डॉलर होता. म्हणजे जेवढे लोकांच्या पदरात पडले, जवळजवळ तेवढेच वाटेत नाहीसे झाले. त्यातील किती बंदुकांकडे गेले आणि किती खिशात गेले, हे सांगता येत नाही. हिशेबच नसला म्हणजे चोरी आणि युद्धखर्च यांत भेद करण्याचीही सोय उरत नाही.

सुदान : आकड्यावर तोललेली शांतता

सुदानमधील उत्तर-दक्षिण यादवी १९८३ मध्ये पुन्हा पेटली. तेल बहुतांशी दक्षिणेत आणि सीमेवर होते. राज्य उत्तरेतील खार्टूमचे होते. शेव्हरॉन या अमेरिकन कंपनीने तेथे तेल शोधले होते; पण १९८४ मध्ये बंडखोरांच्या हल्ल्यात तिची माणसे मारली गेली आणि तिने काम थांबविले. नव्वदच्या दशकात चीनची राष्ट्रीय तेल कंपनी, मलेशियाची पेट्रोनास, कॅनडाची टॅलिसमन आणि सुदानची सरकारी कंपनी यांनी भागीदारीत काम हाती घेतले. सुमारे १६०० किलोमीटर लांबीचा नळ तांबड्या समुद्रापर्यंत नेला गेला आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये पहिले जहाज भरून निघाले.

कॅनडाच्या सरकारने याची चौकशी करण्यासाठी पाठविलेल्या मंडळाचा अहवाल २००० च्या आरंभी आला. तेलामुळे लढाई अधिक चिघळत आहे, आणि हेग्लिग येथील तेलक्षेत्राच्या धावपट्टीवरून सरकारी लष्कराची हेलिकॉप्टरे व विमाने हल्ल्यासाठी उडाली आहेत, असे त्यात नमूद केले होते. तेलक्षेत्रासाठी जमीन मोकळी हवी म्हणून आसपासच्या नुएर व डिंका लोकांची गावे उठविली गेली. त्या काळातील दुसऱ्या एका क्षेत्रासंबंधी लुंडिन या स्वीडिश कंपनीच्या दोन माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवर युद्धगुन्ह्यांना साहाय्य केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्या खटल्याची सुनावणी सप्टेंबर २०२३ मध्ये स्टॉकहोम येथे सुरू झाली. आरोप त्यांनी नाकारले आहेत.

मायदेशातील टीकेचा भडिमार सोसवेना म्हणून टॅलिसमनने आपला २५ टक्के भाग विकावयास काढला. तो २००३ मध्ये विकत घेतला आपल्या ओ.एन.जी.सी. विदेश या सरकारी कंपनीने. त्याच वर्षी मे महिन्यात सुदानचे तेल मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यात येऊन पोहोचले. परदेशातील स्वतःच्या मालकीचे तेल मायदेशी आले, याचा तेव्हा मोठा आनंद झाला. ज्या देशाला आपल्या गरजेचे बहुतेक तेल बाहेरून आणावे लागते, त्याला तो आनंद व्हावा हे स्वाभाविकच होते. त्या आनंदाला आम्ही दोष देत नाही. पण भागीदारी आली की भागीदारीतील वहीची जबाबदारीही येते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्या वहीचे महत्त्व लवकरच दिसून आले. उत्तर आणि दक्षिण यांच्यात तडजोडीची बोलणी होऊन ७ जानेवारी २००४ रोजी संपत्तीच्या वाटणीचा करार झाला, आणि एक वर्षाने संपूर्ण तह झाला. वाटणी अशी ठरली की दक्षिणेतून निघणाऱ्या तेलाच्या उत्पन्नातून तेल देणाऱ्या प्रांताला निदान २ टक्के द्यावयाचे, आणि उरलेले दक्षिण सरकार व खार्टूम सरकार यांनी निम्मे-निम्मे घ्यावयाचे. ज्या युद्धात सुमारे वीस लाख माणसे गेली असा अंदाज आहे, ते युद्ध या निम्म्या-निम्म्याच्या हिशेबावर थांबले. दक्षिणेच्या नव्या सरकारचे जवळजवळ सारे उत्पन्न याच वाट्यातून यावयाचे होते.

परंतु निम्मे म्हणजे कशाचे निम्मे? तेल मोजणारे खार्टूमचे, विकणारे खार्टूमचे, पैसा घेणारे खार्टूमचे. दक्षिणेकडे यावयाचा तो केवळ एक आकडा. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत धाकट्याला ‘एवढे उत्पन्न झाले, हा तुझा निम्मा’ असे सांगावे आणि खळ्यावर मात्र येऊ देऊ नये, तसाच हा प्रकार झाला. अशा घरात थोरला प्रामाणिक असला तरी धाकट्याचा विश्वास बसत नाही.

२००९ मध्ये ग्लोबल विटनेसने एक अगदी साधे काम केले. सुदान सरकारने छापलेले तेलाचे आकडे एका बाजूला आणि चीनच्या कंपनीने आपल्या वार्षिक अहवालांत छापलेले त्याच क्षेत्रांचे आकडे दुसऱ्या बाजूला ठेवले. पावती आणि स्थळप्रत शेजारी आली. सरकारचे आकडे कंपनीच्या आकड्यांपेक्षा कमी होते : कोठे ९ टक्क्यांनी, कोठे १४ टक्क्यांनी, तर २००५ सालच्या एका तुलनेत २६ टक्क्यांनी. आणि ज्या एका क्षेत्राचे आकडे जुळले, ते उत्तरेत होते. त्याच्या उत्पन्नात दक्षिणेचा वाटाच नव्हता. मोजण्याच्या पद्धतीतील फरकामुळे असे दिसते, असे खार्टूमचे म्हणणे पडले. तसे असूही शकेल. विहिरीतून निघालेले पाणी-गाळमिश्रित तेल आणि शुद्ध केलेले तेल यांचे माप एक नसते. म्हणूनच आम्ही येथे कोणावर चोरीचा आरोप करीत नाही. परंतु ज्या दक्षिणेने वीस वर्षे लढून ही वाटणी मिळविली, तिला हा फरक पाच वर्षांनी, आणि तोही लंडनच्या एका संस्थेकडून कळावा, यातच धोका होता. आपली फसवणूक होत असल्याचा संशय हा प्रत्यक्ष फसवणुकीइतकाच स्फोटक असतो.

झालेही तसेच. ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. तेल बहुतेक त्याच्याकडे गेले, आणि नळ व बंदर उत्तरेकडे राहिले. नळातून तेल नेण्याचे भाडे किती, यावर वाद पेटला. थकलेल्या भाड्यापोटी खार्टूमने दक्षिणेचे तेल अडवून घेतले. दक्षिणेने ती चोरी ठरविली, आणि २०१२ च्या जानेवारीत आपल्या सर्व विहिरी बंद केल्या. रोज सुमारे साडेतीन लाख पिंपांचा उपसा थांबला. एप्रिलमध्ये हेग्लिगच्या तेलक्षेत्रावरून दोन्ही सैन्यांची प्रत्यक्ष लढाई झाली. सीमेचा तंटा आणि जुने वैर हीही त्याची कारणे होती. पण बिलाचा वाद हे एक कारण होतेच.

यात आपला संबंध कोठे येतो तेही सांगितले पाहिजे. चीनच्या कंपनीबरोबर त्याच क्षेत्रांत आपल्या सरकारी कंपनीचा चौथा हिस्सा होता. म्हणजे त्याच तेलाची एक नोंद दिल्लीतही होत होती. दोन वह्यांचे आकडे जुळत नसतील तर तिसरी वही साक्षीला येऊ शकते. आणि ती वही आपली होती.

उपाय कोणते झाले

अंगोलाच्या अनुभवानंतर २००२ च्या जूनमध्ये ‘जे देता ते जाहीर करा’ या घोषणेची चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जोहान्सबर्ग येथे ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी एका आंतरराष्ट्रीय योजनेची घोषणा केली. खनिज उद्योगांतील पारदर्शकतेची ही योजना म्हणजे आपल्या पावतीपुस्तकाचेच मोठे रूप आहे. सहभागी देशातील कंपन्यांनी काय दिले ते सांगावयाचे, सरकारने काय घेतले ते सांगावयाचे, आणि तिऱ्हाईत हिशेबतपासनिसाने दोन्ही आकडे पडताळून अहवाल छापावयाचा. देखरेखीच्या मंडळात सरकार आणि कंपन्या यांच्याबरोबर नागरिकांच्या संस्थांचेही प्रतिनिधी बसतात. नायजेरियाने हे काम प्रथम हाती घेतलेल्यांत पुढाकार घेतला. अंगोला या योजनेत आला तो २०२२ मध्ये.

योजनेत येणे न येणे हे मात्र सरकारच्या इच्छेवर आहे. म्हणून कायद्याचीही गरज होती. अमेरिकेने २०१० मध्ये कायदा केला की तेथील रोखेबाजारात नोंदलेल्या प्रत्येक तेल व खाण कंपनीने परदेशी सरकारांना दिलेली रक्कम जाहीर करावी. कायदा झाला, पण नियम टिकेनात. २०१२ चे नियम तेल कंपन्यांच्या संघाने न्यायालयात नेले आणि ते २०१३ मध्ये रद्द झाले. २०१६ मध्ये पुन्हा केलेले नियम २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसने मोडीत काढले. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये झाले ते पूर्वीपेक्षा सौम्य नियम. दरम्यान युरोपीय संघाने २०१३ मध्ये पाऊल उचलले. १ लाख युरोपासून पुढील प्रत्येक देणे, देशवार आणि प्रकल्पवार, जाहीर करण्याचे बंधन त्याने घातले. नॉर्वे आणि कॅनडा यांनीही तसेच कायदे केले.

तीन आक्षेप

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की काही देशांच्या कायद्याने असे आकडे सांगण्यास बंदी आहे, आणि सांगणाऱ्या कंपनीचा धंदा बुडेल. अमेरिकेतील वादात अशा देशांच्या यादीत अंगोलाचे नाव पुढे करण्यात आले होते. परंतु नॉर्वेची सरकारी भाग असलेली स्टॅटॉइल कंपनी त्याच अंगोलात काम करीत असताना आपण तेथे दिलेल्या रकमा कित्येक वर्षे छापत होती, आणि तिला कोणी हाकलून दिले नाही.

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा. आमच्या घरचा हिशेब परक्यांनी का विचारावा? आक्षेप मानाचा आहे, आणि परसत्तेचा अनुभव घेतलेल्या आपल्यासारख्यांना तो चटकन पटण्याजोगा आहे. पण येथे हिशेब परक्याला द्यावयाचा नाही. घरच्यालाच द्यावयाचा आहे. तेल राष्ट्राचे असते, मंत्र्याचे नसते. मालकाला हिशेब दाखविल्याने मालकी जाते असे कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. आकडे छापले म्हणून लढाई थांबते काय? उत्तर सरळ आहे : थांबत नाही. आकडा दरोडेखोराच्या हातातील बंदूक काढून घेत नाही. अंगोलाचेच पाहा. युद्ध संपून नऊ वर्षे झाल्यावर, २०११ मध्ये, नाणेनिधीला २००७ ते २०१० या काळातील ३,२०० कोटी डॉलरचा मेळ लागत नव्हता. पुढे त्यातील बराचसा पैसा सोनांगोलने सरकारच्या वतीने अंदाजपत्रकाबाहेर केलेल्या खर्चात गेल्याचे आढळले. म्हणजे कंपन्यांनी किती दिले हे कळल्यावरही तो पैसा पुढे कोठे गेला, हा दुसरा प्रश्न उरतोच. त्यासाठी स्वतंत्र वृत्तपत्रे हवीत, निर्भय न्यायालये हवीत, अंदाजपत्रकावर प्रश्न विचारणारी विधानसभा हवी. परंतु ह्या साऱ्यांनी विचारावयाचे ते कशाच्या आधारे? आकडा हातात असल्याशिवाय प्रश्न हा नुसता आरोप ठरतो, आणि आरोपाला लष्करशाहीत फार स्वस्त उत्तर असते. पावती हाती असली की तोच आरोप मागणी होतो. आकड्याचे काम एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

आपले काम

या सर्वांत सामान्य नागरिकाने काय करावयाचे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. पंपावर गाडीत पडणारे तेल कोणत्या विहिरीतून आले हे आपल्याला ओळखता येत नाही. निरनिराळ्या देशांचे तेल शुद्धीकरण कारखान्यात एकत्र होते. तेव्हा तेलाची निवड करण्याचा उपदेश व्यर्थ आहे. परंतु परदेशात तेल काढणाऱ्या आपल्या मोठ्या कंपन्या सरकारी आहेत, म्हणजे आपल्या आहेत. हिशेब मागण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला, आणि २००५ मध्ये तो सर्व देशासाठी झाला. रस्त्यावर किती डांबर पडले, शिधावाटप दुकानात किती धान्य आले, हे विचारावयास आपल्याकडील खेड्यापाड्यांतील माणसे त्या कायद्याने शिकली. तोच प्रश्न जरा लांबवर नेला पाहिजे. आमच्या कंपनीने कोणत्या देशाच्या सरकारला, कोणत्या क्षेत्रासाठी, किती रक्कम दिली? हा आकडा दरवर्षी देशवार व प्रकल्पवार छापला जावा, यासाठी आपल्याकडेही युरोपसारखा स्पष्ट नियम असावा, अशी मागणी संसदेतील आपल्या प्रतिनिधींकडे करता येईल.

एका आकड्याने फार काही बदलेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. पण नाईलच्या खोऱ्यात किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एखादा शाळामास्तर, एखादी परिचारिका आपल्या सरकारला विचारीत असेल की आमच्या तेलाचा पैसा कोठे गेला. तेथे स्थळप्रत कुलपात असेल. पावती मात्र आपल्याकडे असू शकते, आणि ती दाखविण्यात आपले काहीच जात नाही.